डावी बाजू, उजवी बाजू : परदेशातील रस्त्यांच्या नियमांची कुळकथा

श्रोतेहो, परदेशप्रवासास निघालेला आपल्याकडचा गृहस्थ तयारीत सहसा कसूर करीत नाही. पारपत्र, व्हिसा, परकी चलन, लोकरीचे कपडे, औषधांची पेटी, लोणच्याची बरणी, यांतले काही राहू नये म्हणून घरची मंडळी चार चार वेळा याद्या तपासतात. तिकडे उतरल्यावर मोटार भाड्याने घेऊन ती स्वतः चालवावी, असाही बेत अलीकडे पुष्कळांचा असतो. परंतु या बेतास लागणारी मुख्य शिदोरी कोणत्याच यादीत आढळत नाही. ती म्हणजे तेथील रस्त्याच्या नियमांची ओळख. ‘आपल्याकडे डावी बाजू, त्यांच्याकडे उजवी, एवढेच ना?’ असे म्हणून हा विषय बहुधा विमानात बसण्यापूर्वीच निकालात निघतो. एवढेच आहे हे खरे. पण या एवढ्याशा गोष्टीत माणसाचे प्राण गुंतलेले असतात, हेही तितकेच खरे. म्हणून आजच्या भाषणात या डाव्या-उजव्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे मी योजिले आहे. नियमाचे मूळ समजले म्हणजे तो पाठ करावा लागत नाही. तो आपोआप पटतो, आणि पटलेला नियम हातून सहसा मोडत नाही.

रस्त्याचा नियम जन्माला येतो तो अरुंद जागी. याची साक्ष पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. भातसानगर, शहापूर, मुरबाड हा ठाणे जिल्ह्याचा सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेला टापू घ्या. आज मुंबईस जे पाणी मिळते त्यातले जवळजवळ निम्मे येथल्या भातसा धरणाचे, म्हणून शहरवासीयांस हे नाव ठाऊक असते. परंतु धरणाच्या कितीतरी आधीपासून हा टापू वाटांसाठी प्रसिद्ध आहे. मुरबाडच्या बाजूने जुन्नरकडे चढणारा नाणेघाट आणि शहापुरावरून कसाऱ्यामार्गे इगतपुरीस नेणारा थळघाट, या दोन वाटांनी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल देशावर जाई. नाणेघाटात सातवाहनकाळचे ब्राह्मी लेख आहेत, आणि माथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीचा असावा, असे परंपरा सांगते. आता कल्पना करा: त्या चिंचोळ्या खिंडीत ओझ्याच्या बैलांचा एक तांडा वर चढतो आहे आणि दुसरा खाली उतरतो आहे. दोघांपैकी एकाने थांबलेच पाहिजे. सपाट माळावर बैलगाडीला डावी नाही आणि उजवी नाही. जिकडे चाकोरी बरी, तिकडे बैल वळतो. घाटात मात्र कोणी थांबावे याचा निकाल आधीच ठरलेला असावा लागतो.

हा निकाल निसर्गानेच दिलेला आहे. चढणीवर थांबलेल्या जनावरास ओझ्यासह पुन्हा उचल घेणे फार कठीण जाते. उतरणाऱ्यास थांबून पुन्हा निघणे त्या मानाने सोपे. मोटारीचीही गोष्ट तीच आहे. म्हणून केंद्र सरकारने १९८९ साली रस्त्याचे जे नियम केले, त्यांत घाटरस्ता पुरेसा रुंद नसेल तेथे उतरणाऱ्या वाहनाने कडेला थांबून चढणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, असे स्पष्ट लिहून ठेविले. १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातही डोंगरी रस्त्यांसाठी सर्वसाधारण दंडक हाच सांगितला आहे. म्हणजे कसाऱ्याच्या घाटात जे शहाणपण, तेच आल्प्स पर्वतात. स्वित्झर्लंडमध्ये एवढेच अधिक लक्षात ठेवावे, की डोंगरातील टपालमार्ग म्हणून खुणेने दाखविलेल्या रस्त्यांवर टपालखात्याच्या पिवळ्या बसगाडीस अग्रहक्क असतो आणि तिच्या चालकाने केलेली सूचना इतरांनी मानावयाची असते.

परंतु चढण-उताराचा निकाल निसर्ग देतो, तसा डाव्या-उजव्याचा देत नाही. तो माणसांनी आपसांत ठरवावा लागतो. आणि तोही प्रथम अरुंद जागीच, म्हणजे पुलावर, ठरला असे दिसते. इ. स. १३०० च्या पुण्यवर्षात रोमला यात्रेकरूंची इतकी दाटी झाली, की तेथल्या एका पुलावर जाणारे व येणारे असे दोन भाग करावे लागले. महाकवी दांते याने आपल्या काव्यात त्याचा उल्लेख केलेला आहे. पुढे लंडन पुलावरची गर्दी आवरेना, तेव्हा १७२२ साली तेथल्या नगराध्यक्षाने आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या बाजू वेगळ्या करून दिल्या. प्रत्येकाने आपली डावी धरावी असा त्या हुकमाचा अर्थ होता. १७५६ साली त्याच पुलासाठी तसा कायदा झाला, आणि १८३५ च्या कायद्याने ती डावी बाजू इंग्लंड व वेल्सच्या सर्व रस्त्यांना लागू झाली.

अमेरिकेत याच्या उलट घडले. पेनसिल्व्हेनिया संस्थानाने १७९२ साली फिलाडेल्फियाहून लँकेस्टरला जाणाऱ्या नव्या सडकेवर उजवी बाजू धरण्याचा कायदा केला. तिकडच्या अवजड मालगाड्यांस चालकासाठी वेगळी बैठक नसे. तो डाव्या बाजूच्या मागल्या घोड्यावर बसे, म्हणजे उजव्या हाताने चाबूक चालविता येई. समोरून येणाऱ्या गाडीचे चाक आपल्या चाकास घासत नाही ना, हे पाहावयाचे तर समोरची गाडी डाव्या अंगाने जाणे सोयीचे. उलटपक्षी, घोडेस्वाराने तरवारीचा उजवा हात समोरच्या अनोळखी माणसाकडे मोकळा असावा म्हणून डावी बाजू धरली, असे सांगतात. या उपपत्तींत तथ्य किती आणि कल्पना किती, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. आपणांस एवढे पुरे, की दोन्ही बाजूंना सबबी आहेत, आणि कोणतीच एक बाजू सृष्टिनियमाने ठरलेली नाही. फ्रान्समध्ये तर मोटारी उजवीकडून आणि आगगाड्या बहुतांशी डावीकडून धावतात. त्यांच्या लोहमार्गांची पहिली घडण इंग्रजी वळणाची, एवढेच त्याचे कारण.

आपल्याकडची डावी बाजू अर्थातच इंग्रजांबरोबर आली. १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी दिसू लागल्या, १९१४ साली मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात चालकाने शक्य तितकी डावी कड धरावी, हा नियम छापून निघाला. स्वातंत्र्यानंतर आपण तो बदलला नाही. तसे करण्याचे कारणही नव्हते. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका या सर्व शेजाऱ्यांची बाजू डावीच आहे. खैबरखिंड ओलांडून तोरखमपाशी अफगाणिस्तानात शिरले, की मात्र गाडी उजवीकडे न्यावी लागते.

शेजाऱ्याचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या घराशीच आहे. ते गोव्याचे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी महाराष्ट्रीय माणसास सर्वांत जवळचे परराज्य म्हणजे गोवा. सावंतवाडी मागे टाकून, बांद्याच्या पुढे पत्रादेवीपाशी सरहद्द ओलांडली, की राज्य बदले, जकात बदले, कचेरीची भाषा बदले. तेव्हा स्वतःची मोटार घेऊन पणजीस जाणारा मुंबईकर हा खरोखरीच परदेशात गाडी चालविणारा प्रवासी होता. आता मौज पाहा. १९२८ च्या जून महिन्यात पोर्तुगालने आपल्या देशातील वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. यजमान देशाने बाजू बदलली म्हणजे वसाहतींनीही बदलावी, असे कोणासही वाटेल. अंगोलाने ती बदललीही. परंतु गोव्याने बदलली नाही. आफ्रिकेतल्या मोझांबिकनेही बदलली नाही, आणि चीनच्या किनाऱ्यावरील मकावनेही नाही.

असे का व्हावे? नकाशा उघडला की उत्तर मिळते. गोव्याच्या तिन्ही अंगांना जमीन होती ती ब्रिटिश मुलखाची व त्यांच्या छत्राखालच्या संस्थानांची. आणि त्या सगळ्या मुलखात गाडी डावीकडून जात होती. मोझांबिकच्या सभोवती तीच स्थिती, आणि मकावच्या समोर हाँगकाँग. सरहद्दीवरच्या प्रत्येक नाक्यावर गाड्यांनी फुलीसारख्या बाजू बदलावयाच्या म्हणजे प्रत्येक नाका अपघाताचे ठिकाण व्हावयाचा. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने गोवा लिस्बनचा राहिला, पण रस्त्याच्या दृष्टीने तो बेळगाव, सावंतवाडी आणि कारवार यांचाच राहिला. तेहेतीस वर्षांनी गोवा मुक्त झाला, शासन बदलले, चलन बदलले. रस्त्याची बाजू तेवढी बदलावी लागली नाही, कारण ती आधीपासूनच शेजाऱ्यांशी जुळलेली होती. राजसत्तेपेक्षा शेजाराचा करार अधिक बळकट ठरला, असे या प्रसंगाचे तात्पर्य आहे.

गोव्याने जे टाळले, ते स्वीडनला टाळता आले नाही. नॉर्वे, फिनलंड हे शेजारी उजवीकडचे, आणि स्वीडन एकटा डावीकडचा. शिवाय तिकडच्या बहुतेक मोटारींचे चाक डाव्या अंगास. १९५५ साली लोकमत घेतले, तेव्हा चारपंचमांशाहून अधिक मतदारांनी बदल नको असे सांगितले. तरीही पुढे संसदेने तो निर्णय केला, आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी, रविवारी पहाटे पाच वाजता, साऱ्या देशाची वाहतूक उजवीकडे नेण्यात आली. त्यानंतर जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. अपघात वाढतील अशी भीती होती, ते काही काळ उलट कमी झाले. आणि सुमारे दोन वर्षांत पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. रस्ते तेच, गाड्या त्याच आणि माणसेही तीच. मधल्या काळात फरक एकच होता: नवेपणाच्या धास्तीने प्रत्येक जण डोळ्यांत तेल घालून गाडी हाकीत होता. नवी बाजू अंगवळणी पडली, आणि तिच्याबरोबर जुना बेफिकीरपणाही परतला.

ब्रह्मदेशाने १९७० च्या डिसेंबरात डावी सोडून उजवी धरली. परंतु पुष्कळ मोटारींचे चाक पुढेही उजवीकडेच राहिल्याने तेथल्या चालकास पुढचा रस्ता दिसणे अवघड होऊन बसले. सामोआ या पॅसिफिक महासागरातील बेटराष्ट्राने याच्या उलट केले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधून स्वस्त मोटारी आणता याव्यात म्हणून ७ सप्टेंबर २००९ रोजी ते उजवीकडून डावीकडे आले. तेथेही शेजाऱ्याचीच सोय पाहिली गेली.

आता प्रश्न असा, की बाजू हा केवळ ठरावाचा विषय असेल, तर परदेशी गेल्यावर ती बदलणे इतके कठीण का जावे? कारण ठराव बुद्धीला कळतो, आणि गाडी चालविते ती सवय. याचा दाखला एका थोर माणसाच्या आयुष्यात सापडतो. १३ डिसेंबर १९३१ रोजी विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्क येथे फिफ्थ अव्हेन्यू हा रस्ता पायी ओलांडीत होते. लंडनच्या सवयीने त्यांनी पाहिले ते चुकीच्या दिशेस. मोटार आली दुसऱ्या दिशेने, आणि तिने त्यांस खाली पाडले. दुखापत गंभीर होती. सत्तावन्न वर्षांचा, जगभर हिंडलेला, राज्यकारभारात मुरलेला हा मुत्सद्दी. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात हे त्यास ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ज्ञान होते, पण मान वळली ती सवयीने. चर्चिल यांनी मागाहून चूक आपलीच होती असे सांगून चालकास दोषमुक्त केले. लंडनमध्ये आज पुष्कळ ठिकाणी पादचाऱ्यांनी कोणत्या बाजूस पाहावे हे रस्त्यावरच रंगवून ठेवलेले असते, ते अशाच पाहुण्यांसाठी.

राष्ट्राराष्ट्रांतील करारांनी या अडचणीवर जेवढा उपाय करता येण्यासारखा होता तेवढा केलेला आहे. १९०९ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे मोटार वाहतुकीविषयी पहिला करार झाला. त्यात धोक्याच्या चारच खुणा ठरल्या: खाचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. १९२६ साली पॅरिसलाच दुसरा करार झाला. १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे तिसरा झाला, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत दोनच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला भारतही होता. या जिनिव्हा कराराने बाजूविषयी काय म्हटले आहे? एका दिशेने जाणाऱ्या सर्व वाहनांनी एकच बाजू धरावी, आणि ती देशभर सर्व रस्त्यांवर सारखी असावी, इतकेच. कोणती, ते सांगितलेले नाही. जगाच्या पंचायतीनेही तो अधिकार ज्याच्या त्याच्या घराकडे ठेविला.

आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना हा याच करारांचा वारस आहे. त्याची मुदत एक वर्ष असते, आणि मूळ भारतीय परवाना जवळ नसेल तर त्यास किंमत नाही. चीनसारखा देश तो मानीत नाही. म्हणून ज्या देशी जावयाचे तेथील रिवाज निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा. तसेच हा परवाना म्हणजे आपल्या परवान्याची परकी भाषांतील ओळख होय. तो दाखविला म्हणजे तेथील नियम माहीत आहेत असे सिद्ध होत नाही, आणि ते मोडल्यास तो बचावासही येत नाही.

तेव्हा प्रवाशाने नेमके काय लक्षात ठेवावे? पहिली खूण अगदी साधी आहे. भाड्याची मोटार त्या देशाच्या घडणीची असते. डाव्या बाजूच्या देशात चाक उजवीकडे आणि उजव्या बाजूच्या देशात चाक डावीकडे. म्हणजे दोन्हीकडे चालक रस्त्याच्या मध्याकडे बसतो आणि शेजारचा सोबती कडेकडे. आपण कडेकडे बसलो आहोत असे दिसले, तर बाजू चुकली असे समजावे.

दुसरी गोष्ट वळणाची. आपल्याकडे डावे वळण सोपे आणि उजवे कठीण, कारण उजवीकडे वळताना समोरून येणारी वाहतूक छेदावी लागते. तिकडे हे उलटते. उजवे वळण सोपे होते, आणि डावीकडे वळताना समोरच्यास आधी जाऊ द्यावे लागते. चूक वळताना होत नाही इतकी वळून झाल्यावर होते. नव्या रस्त्यात शिरताच हात जुन्या सवयीने डावी कड शोधतो. गोल चौकास आपण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळसा घालतो, तिकडे काट्यांच्या उलट घालावयाचा. पुढे जावयाचे तर डावीकडून, आणि पुढे गेल्यावर पुन्हा उजवीकडे परतावयाचे. जर्मनीतील द्रुतगती मार्गांवर हा दंडक कसोशीने पाळला जातो.

तिसरी गोष्ट अग्रहक्काची. ज्या चौरस्त्यास दिवा नाही, पोलीस नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी, असे आपला नियम सांगतो. फ्रान्सचा जुना नियमही तोच आहे. फरक असा, की तेथे लहानशा गल्लीतून येणाराही खूण नसेल तर तो हक्क बिनदिक्कत बजावतो. अमेरिकेत लाल दिव्यावर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा पाहून, उजवीकडे वळण्याची मुभा बहुतेक ठिकाणी आहे. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटी लावून परवानगी दिली असेल तरच. तेथे शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकत उभी राहिली, की मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबलेच पाहिजे. ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत वेगाचे आकडे मैलांत लिहिलेले असतात, हेही विसरू नये.

चौथी गोष्ट वेळेची. गर्दीच्या रस्त्यावर पाहुणा सहसा चुकत नाही, कारण पुढची गाडीच त्यास वाट दाखविते. धोका असतो तो पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोलपंपावरून पुन्हा बाहेर पडताना, एकेरी रस्ता संपून दुहेरी लागतो तेथे. म्हणजे अनुकरण करण्यास समोर कोणी नसते तेव्हा. आणि पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी अधिक जपावे. स्वीडनच्या अनुभवाचा अर्थ तोच आहे.

येथवर परदेशाविषयी बोललो. शेवटी दोन शब्द स्वदेशाविषयी. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने प्रसिद्ध केलेले आहे. ही माणसे बाजूविषयीच्या अज्ञानाने मेली नाहीत. शहापूरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आज दुभाजकाने विभागलेला आहे. कसाऱ्यास चढणीची व उतरणीची वाहतूक जुन्या व नव्या घाटांत वाटून दिलेली आहे. २०२५ च्या जूनपासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पाही या तालुक्यातून धावू लागला आहे. एवढी सोय होऊनही पुढच्या फाट्याचा वळसा चुकविण्यासाठी उलट दिशेने गाडी घालणारा माणूस आपल्या रस्त्यांवर रोज भेटतो. त्यास डावी बाजू ठाऊक नसते असे नाही. ती समोरच्याशी केलेला करार आहे, हे त्यास उमगलेले नसते.

समोरून येणाऱ्या माणसाचे नाव आपणांस ठाऊक नसते, त्याची भाषाही कदाचित कळणार नाही. पण तो आपली बाजू सोडणार नाही या एका विश्वासावर आपण आपली मुलेबाळे गाडीत घालून भर वेगाने त्याच्या दिशेने निघतो. लिस्बनचा हुकूम बाजूस ठेवून गोव्याने जपला तो हाच विश्वास. परदेशी गाडी चालविणाऱ्याने तेथल्या लोकांचा हा विश्वास पाहुण्याच्या मर्यादेने सांभाळावा. आणि ती सवय, श्रोतेहो, घरच्या रस्त्यावरच लागलेली असली पाहिजे.